९४ दिसलं की आधी वायर बघा

तुमची तक्रार थोडक्यात अशी आहे: पुण्यात सातव्या मजल्यावरचा २ बीएचके, २०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन, राऊटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे. लॅपटॉपला वायर लावली तरी वेग ९३-९४ च्या वर जात नाही. आतल्या बेडरूममध्ये फोनवर जेमतेम ८ ते १० मिळतात. शिवाय संध्याकाळी साडेसात-आठनंतर ऑफिसचा व्हिडिओ कॉल अडखळतो. कंपनीचा माणूस येऊन 'आमच्याकडून लाईन क्लिअर आहे' असं सांगून गेला. आता साडेचार हजारांचा नवा राऊटर घ्यावा का, हा तुमचा प्रश्न.

आत्ता घेऊ नका. घेतलात तर तीनपैकी एखादी तक्रार कदाचित जाईल, आणि उरलेल्या दोन तशाच राहिल्या की नव्या राऊटरला शिव्या बसतील. तुम्ही एक दुखणं समजून लिहिलंय, पण घरात तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींची मुळं वेगवेगळ्या जागी असण्याची शक्यता जास्त आहे. पुणे-पिंपरी भागात घरांची आणि छोट्या ऑफिसांची नेटवर्कची कामं करून मला सतरा वर्षं झाली. 'नेट स्लो आहे' या तीन शब्दांवर आता मी काहीच करत नाही. आधी आकडा विचारतो, कारण बऱ्याचदा दोष कुठे आहे ते आकडाच सांगतो.

वायर लावून ९३-९४ हा आकडा तर मी डोळे झाकून ओळखतो. १०० च्या पोर्टमधून, म्हणजे वायर खुपसायच्या भोकातून, माहिती छोट्या पाकिटांत बांधून जाते तेव्हा प्रत्येक पाकिटावरचे पत्ते, दोन पाकिटांमधली मोकळी जागा असं सगळं वजा होऊन हाताशी साधारण तेवढंच उरतं. गिगाबिट, म्हणजे १००० च्या, पोर्टवर हाच हिशेब ९४० च्या आसपास येतो. लाईन खरोखर मंद असती तर आकडा आज ७०, उद्या १३० असा नाचला असता. सकाळ-संध्याकाळ रोज ९४ वर येऊन डोकं टेकणारा आकडा म्हणजे वाटेत कुठेतरी १०० चं दार आहे आणि तुमचे २०० त्या दाराशी अडलेत.

हे दार बऱ्याचदा वायरमध्येच असतं. लॅनच्या वायरमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या. १०० च्या वेगाला त्यातल्या दोनच जोड्या लागतात. नेहमीच्या रंगसंगतीत नारंगी आणि हिरवी. गिगाबिटला आठही तारा लागतात. निळी किंवा तपकिरी तार कुठे तुटली, जॅकमध्ये नीट बसली नाही, तर दोन्हीकडची यंत्रं आपसात समजून घेऊन गुपचूप १०० वर उतरतात. लाल दिवा लागत नाही, सूचना येत नाही, नेट चालू राहतं. म्हणूनच कुणाला संशय येत नाही.

चिंचवडमध्ये एका निवृत्त जोडप्याकडे असंच झालं होतं. मुलगा कॅनडात. तो तिथून वेग विचारायचा, ९४ ऐकून वैतागायचा आणि ऑनलाईन नवा राऊटर पाठवून द्यायचा. असे दोन झाले. मी गेलो तेव्हा दोन्ही जुने डबे कपाटावर नीट पुसून ठेवलेले होते. टीव्हीमागची पाटी उघडली तर घराला रंग दिला त्या वेळी कुणीतरी निळी आणि तपकिरी जोडी कापून दाराच्या बेलला वापरली होती. काका म्हणाले, "अहो, पण नेट तर चालूच होतं की!" तेच तर. चार तारांवर चालूच राहतं. नवी वायर ओढली, जॅक मारले आणि तिसऱ्या राऊटरला हात न लावता आकडा प्लॅनला जाऊन भिडला.

तुमच्याकडे हे दार चारपैकी एका ठिकाणी असू शकतं. फायबर ज्या डबीत येते ती ओएनटी, तिथून राऊटरपर्यंतची छोटी वायर, राऊटरचे पोर्ट, नाहीतर राऊटर ते लॅपटॉप हा शेवटचा टप्पा. राऊटरच्या खोक्यावर गिगाबिट लिहिलंय म्हणताय, म्हणून तिसरी शक्यता तूर्त बाजूला ठेवू. मात्र खोक्यावर '१२००' असा मोठा आकडा असणं वेगळं आणि पोर्ट गिगाबिट असणं वेगळं. १२०० ही वायफायच्या दोन्ही बँडच्या (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांच्या) कागदोपत्री वेगांची बेरीज असते, आणि त्या वर्गातल्या कितीतरी स्वस्त राऊटरचे मागचे सगळे पोर्ट १०० चेच असतात. तेव्हा खोकं अजून घरात असेल तर नेमकं काय लिहिलंय ते एकदा वाचा.

शोधायचं कसं? विंडोजमध्ये नेटवर्क सेटिंगमध्ये इथरनेटवर टिचकी मारली की लिंक स्पीड दिसतो, १००/१०० किंवा १०००/१०००. आधी लॅपटॉप आणि राऊटर यांच्यात काय दिसतं ते बघा. १०० दिसलं तर वायर बदला. लॅपटॉपला लॅनचं भोक नसून यूएसबीचा डोंगल लावत असाल तर तो डोंगलच १०० चा नाही ना, हे आधी तपासा. मी स्वतः एका ऑफिसात त्यावर अर्धा दिवस घालवलाय. १००० दिसलं तर दोष पुढे आहे. मग राऊटर काढून तीच वायर ओएनटीतून थेट लॅपटॉपला लावा. लॉगिन राऊटरमध्ये भरलेलं असेल तर नेट चालणार नाही, पण लिंक स्पीड दिसेल आणि आपल्याला तेवढाच हवाय. तिथे १०० दिसलं तर ओएनटीच्या मागे बघा. बऱ्याच छोट्या डब्यांना दोन भोकं असतात, एक गिगाबिटचं आणि एक १०० चं, त्यांच्या खाली बारीक अक्षरात जीई आणि एफई लिहिलेलं असतं. जोडणाऱ्याने घाईत वायर एफईमध्ये खुपसली असेल तर दुरुस्ती पाच सेकंदांची आहे. दोन्ही भोकं १०० चीच निघाली तर मात्र कंपनीकडे ओएनटी बदलून मागा. २०० चा प्लॅन विकून १०० ची डबी बसवणं बरोबर नाही, आणि हे असं नेमकेपणानं सांगितलं की समोरच्याला 'लाईन क्लिअर आहे' म्हणून सुटता येत नाही.

नवी वायर घ्यायचीच झाली तर कॅट ६ घ्या, आणि तार शुद्ध तांब्याची आहे का ते दुकानात विचारा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर बाजारात पुष्कळ आहे. ती वाकवता वाकवता आतून तुटते आणि मग परत ९४.

आता आतल्या खोलीतले ८ ते १०. हा पूर्णपणे वायफायचा मामला आहे. इथे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून असल्यामुळे मी लांबून ठाम सांगू शकत नाही. शनिवार पेठेतल्या जुन्या वाड्याची दीड-दोन फुटी भिंत वेगळी, टॉवरमधली हलक्या ब्लॉकची भिंत वेगळी. पण तुमच्यासारख्या फ्लॅटमध्ये हॉल आणि बेडरूम यांच्यामध्ये बहुतेक वेळा संडास-बाथरूम येतं, आणि पाण्याचे पाईप, टाईल्स, आरसा, गीझर हे सगळं एकत्र म्हणजे वायफायला भिंतीपेक्षा वाईट. राऊटरजवळ उभे राहा आणि पलंगाच्या दिशेनं सरळ रेघ मनात ओढा. ती रेघ कशाकशातून जाते ते मोजा. भिंत तिरकी ओलांडली तर ती तेवढी जाड होते, हेही धरा. राऊटर टीव्हीच्या मागे म्हणजे पहिलाच अडथळा टीव्हीचा पत्रा. तो तिथून काढून उघड्यावर, डोक्याच्या उंचीला आणि बाथरूम टाळून रेघ जाईल अशा कोपऱ्यात ठेवा. चार-पाच फुटांनी हलवला तरी फरक पडतो. (लोकांना हे शहाणपण शिकवणाऱ्या माझ्या स्वतःच्या घरात राऊटर वर्षभर स्टीलच्या डब्यांच्या फळीमागे होता. सौंनी तिथे ठेवला होता, दिसायला नको म्हणून. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं.)

मग बेडरूममध्ये बसून फोनच्या वायफायच्या तपशिलात लिंक स्पीड बघा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये तो दिसतो. ७२ किंवा त्याखाली दिसला तर फोन २.४ गिगाहर्ट्झवर आहे, असं बहुतेक वेळा समजावं. ४३३, ८६६ असं काही दिसलं तर ५ गिगाहर्ट्झवर आहे. प्रत्यक्ष वेग या आकड्याच्या निम्मा, फार तर साठ टक्के धरायचा, कारण वायफायमध्ये एका वेळी एकानंच बोलायचं असतं आणि पोच पावत्याही त्याच हवेतून जातात. बराच जुना राऊटर असेल आणि आकडा ५४ वर अडकला असेल तर सुरक्षिततेची सेटिंग बघा. तिथे टीकेआयपी किंवा डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत निवडलेली असली की नियमानुसारच नवे वेग बंद होतात. डब्ल्यूपीए-२ आणि एईएस करा.

तुमच्याकडे बहुधा ७२ पेक्षा कमीच दिसेल. टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर उभं राहून वायफायची यादी उघडली तर तीस-चाळीस नावं येतात. २.४ च्या पट्ट्यात चॅनेल १ ते १३ असले तरी एकमेकांवर न चढणारे तीनच मिळतात: १, ६ आणि ११. चाळीस घरं त्या तीन ओसऱ्यांवर. काही हुशार लोक 'तिथे गर्दी नाही' म्हणून ३ किंवा ९ निवडतात. ते उलट वाईट. एकाच चॅनेलवरचे राऊटर एकमेकांचं ऐकून आपापली पाळी तरी धरतात. अर्धवट चढलेल्या चॅनेलवर ऐकू येतो तो नुसता गोंगाट, आणि दोन्हीकडचं बोलणं वाया जातं. तेव्हा २.४ ला १, ६, ११ पैकी त्यातल्या त्यात मोकळा चॅनेल द्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० केली की जवळपास निम्मा पट्टा व्यापतो आणि शेजाऱ्यांशी भांडण वाढतं. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात गुरगुरतो, त्यामुळे दूध गरम करताना नेट अडतं ही तक्रार खोटी नसते.

५ गिगाहर्ट्झला जागा भरपूर आहे, पण भिंत ओलांडताना ते लवकर दमतं. म्हणून फोन आत गेला की स्वतःहून २.४ ला चिकटतो. दोन्ही बँडना वेगवेगळी नावं द्या आणि बेडरूममध्ये हातानं ५ वर जोडून बघा. तिथे ५ वर ४०-५० जरी मिळाले तरी २.४ च्या ८ पेक्षा बरे. ५ चा चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मध्ये ठेवा. मधले ५२ ते १४४ रडारसोबत वाटून घ्यायचे असतात. राऊटरला रडारचा भास जरी झाला तरी चॅनेल सोडून पळावं लागतं आणि चालू कॉल तुटतो.

एवढं करूनही बेडरूममध्ये ५ पोचलंच नाही, तर उपाय एकच पक्का: आतपर्यंत वायर नेऊन तिथे ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरवरचं नेट वायफायनं पसरवणारा डबा, लावायचा. जुना राऊटरही चालतो, त्याचं डीएचसीपी (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करून. टीव्ही केबलचा पाईप आतल्या खोलीत जात असेल तर त्यातून ओढता येते, नाहीतर छताच्या कडेनं केसिंग-पट्टी. विजेच्या तारांच्या पाईपात मात्र घालू नका. भाड्याचं घर असेल, मालक भिंतीला हात लावू देत नसेल, तर मेश, म्हणजे एकमेकांशी वायफायनं बोलणारे डबे, घ्या, पण त्याचा दुसरा डबा बेडरूमच्या आत न ठेवता मधल्या दारापाशी ठेवा, जिथे पहिल्याचा सिग्नल अजून धट्टाकट्टा आहे. भिंतीच्या सॉकेटमध्ये खुपसायचे स्वस्त बूस्टर मी सुचवत नाही. ते एकाच रेडिओनं ऐकतात आणि त्यानंच पुढे सांगतात, त्यामुळे वेग तिथेच निम्मा होतो. फोनवर काड्या पूर्ण दिसतात आणि पान उघडत नाही.

आता संध्याकाळचा कॉल. तुमच्या तीन दुखण्यांतलं हेच सगळ्यात फसवं आहे. कारण इथे दोष घराचाही असू शकतो आणि कंपनीचाही, आणि दोघंही स्पीड टेस्ट दाखवून एकमेकांकडे बोट करतात. कॉलला मुळात वेग फार लागतच नाही, तीन-चार एमबीपीएसमध्ये तो आरामात चालतो. त्याला लागते ती वेळेवर पोच. म्हणून इथे स्पीड टेस्ट बाजूला ठेवा आणि पिंग वापरा, म्हणजे छोटं पाकीट पाठवून उत्तर किती वेळात येतं ते मोजा.

लॅपटॉप वायरनं जोडा, कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राऊटरच्या पत्त्याला पिंग लावा. तो पत्ता राऊटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर असतो, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. दुसरीत ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला लावा. कॉल अडखळेल त्या क्षणी दोन्हीकडे बघा. राऊटरचं पिंग १-२ मिलिसेकंदांवर शांत आहे आणि बाहेरचं २० वरून ३००-४०० वर उसळलंय, तर खोळंबा राऊटरच्या पुढे आहे. मग तोच प्रयोग वायर काढून वायफायवर करा. राऊटरचंच पिंग उसळायला लागलं तर कॉलचं दुखणं वायफायच्या गर्दीचं आहे, आणि वर सांगितलेले उपायच त्यावर चालतील.

बाहेरचं पिंग उसळत असेल तर लगेच कंपनीला फोन करू नका. साडेसातला घरात काय होतं ते आठवा. माणसं परत येतात, चार फोन वायफायला चिकटतात, चार्जिंगला लागतात आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ वर चढवायला सुरुवात करतात. दारातला कॅमेरा त्याचं चित्रण क्लाऊडवर ढकलत असतो. अपलोड भरलं की राऊटरमध्ये रांग लागते आणि तुमच्या आवाजाची छोटी पाकिटं खंबाटकी घाटात ट्रकांच्या रांगेमागे अडकलेल्या गाडीसारखी थांबतात. डाऊनलोडसुद्धा मंदावतं, कारण मिळालेल्या मालाच्या पोचपावत्या त्याच रांगेतून वर जायच्या असतात. दहा मिनिटं सगळ्या फोनचं वायफाय आणि कॅमेरा बंद करा. पिंग खाली बसलं तर चोर घरातच सापडला. फोटोंचा बॅकअप रात्री उशिराचा लावा, किंवा राऊटरमध्ये क्यूओएस (कुणाला किती वाट द्यायची ते ठरवणारी सोय) असेल तर अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा, म्हणजे रांग लागतच नाही. काही राऊटरचा मेंदू क्यूओएस चालू केल्यावर २०० सुद्धा पेलू शकत नाही, तेव्हा लावल्यावर वेग परत मोजा.

सगळं बंद करूनही, वायरवर, साडेआठला पिंग उसळतंच आणि दुपारी दोनला मात्र शांत असतं, तर खोळंबा कंपनीकडे आहे. फायबर म्हणजे तुमची एकट्याची लाईन नव्हे. जीपॉन पद्धतीत खाली येणारे सुमारे २.५ गिगाबिट एका फांदीवरच्या ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. पण माझ्या पाहण्यात कोंडी बऱ्याचदा तिथे नसते, ती स्थानिक ऑपरेटरनं वरून घेतलेल्या जोडणीत असते. स्पीड टेस्ट जवळचा सर्व्हर निवडते आणि तो अनेकदा ऑपरेटरच्याच जाळ्यात असतो, म्हणून तिथे २०० दिसतात आणि बाहेर गाडी अडते. लांबचा सर्व्हर हातानं निवडून एकदा मोजा आणि नेटफ्लिक्सच्या फास्ट डॉट कॉमवरही मोजा. पाच दिवस दुपारी आणि रात्री, वायरवर घेतलेले आकडे कागदावर असले की तक्रारीला वजन येतं. महिन्याच्या शेवटीच हे होत असेल तर प्लॅनची डेटा-मर्यादा संपली का, तेही बघा.

फायबरच्या सिग्नलबद्दल तुमच्या मनात शंका असणारच. ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर आरएक्स पॉवर, म्हणजे डबीपर्यंत पोचलेल्या प्रकाशाची ताकद, दिसते. उणे १५ ते उणे २४-२५ ठीक, उणे २७ म्हणजे काठावर. टीव्ही युनिटच्या दारात चिमटलेली फायबर, किंवा निळ्या जोडणीत कोंबलेली हिरवी जोडणी ही त्याची नेहमीची कारणं. हिरवीचं टोक तिरकं घासलेलं असतं, ते निळीशी जुळत नाही. पण तसं असतं तर सकाळीही त्रास झाला असता, फक्त साडेसातनंतर नाही. म्हणून तुमच्या बाबतीत मी त्याला शेवटचा नंबर देतो. उत्सुकतेपोटी फायबरचं टोक उघडून डोळ्यासमोर मात्र धरू नका, तो प्रकाश दिसत नाही.

डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा, बदलून वेग वाढतो असं कुणी सांगेल. पान उघडायला सुरुवात जरा लवकर होते, वेग तोच राहतो. जास्त अँटेनांचंही तसंच. त्यांच्या संख्येवरून मी राऊटर कधी विकत घेतला नाही.

नवा राऊटर घेणं कधी बरोबर? सध्याचा फक्त २.४ चा असेल तर, त्याचे पोर्ट खरंच १०० चे निघाले तर, किंवा क्यूओएसशिवाय वायरवरही त्याच्यातून प्लॅनइतका वेग येत नसेल आणि त्याला वगळून येत असेल तर. त्यातही तुमच्या ओएनटीत स्वतःचं वायफाय असेल तर दोन डबे एकमेकांवर ओरडू नयेत म्हणून त्यातलं बंद करा.

आज रात्री फक्त पहिलं काम करा, लिंक स्पीड बघायचं. घरात दुसरी कुठलीही वायर असेल तर ती लावून बघा. आकडा ९४ च राहिला तर ओएनटीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा, भोकांखालची बारीक अक्षरं वाचता येतील असा.